जावईबापूंनी बेतलेलं झाड

एखादी गोष्ट आहे तशी सोडून द्यायची म्हटलं की जावईबापूंच्या पोटात दुखतं. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाचं बटण लोंबकळताना दिसलं, तरी त्याला थांबवून टाका घालणार. शिंपी माणूस. सासूबाईंनी लेकीला लग्नाआधीच बजावलं होतं, "हा एक दिवस मलाही उसवून परत शिवेल."

परसातल्या पेरूच्या फांद्या पत्र्यावर करकरायला लागल्या, म्हणून लेकीने नवऱ्याच्या हाती करवत दिली. त्याने जन्मात झाडाचं पान तोडलं नव्हतं. त्याने फांद्यांवर खडूने रेघा मारल्या आणि गळ्यात टेप अडकवून तो शिडी चढला.

"घराकडची बाजू तेवढी कापा," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीकडच्या बाजूला हात लावायचा नाही."

"का हो आई?"

"मी सांगते म्हणून."

कारण सांगण्यासारखं नव्हतंच. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे नर्सबाई राहायच्या. पन्हळीत पानं पडण्यावरून दोघींचं जे बिनसलं, ते बिनसलंच. 'त्या घराकडे मी ढुंकून बघत नाही,' असं सासूबाई आल्यागेल्याला ऐकवायच्या. ते खरंच होतं. बघत नव्हत्या, ऐकत होत्या. रोज संध्याकाळी सूप घेऊन झाडाच्या आडोशाला बसायचं, पलीकडे नर्सबाई बहिणीशी फोनवर बोलायला लागल्या की निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायचे. नर्सबाईंची मुलगी नवऱ्यावर रुसून मैत्रिणीकडे राहिली होती. ती परत जाणार की नाही, ते आज कळायचं होतं. म्हणून तर ऐन वेळी डुलकी लागू नये यासाठी सासूबाई दुपारी मुद्दाम झोपल्या.

जाग आली ती डोळ्यांवर उन्हाची तिरीप आल्यामुळे. त्या खोलीत कधी ऊन येत नसे.

सवयीने सूप उचलून त्या बाहेर आल्या आणि पायरीवरच थिजल्या. झाड नव्हतं. एक खोड होतं आणि वर दोन खुंट, अगदी सारख्या लांबीचे. जावईबापू टेपने त्यांची खात्री करून घेत होते.

"इकडची बाही आखूड दिसायला लागली, म्हणून तिकडची घेतली," ते म्हणाले. "ती जरा जास्त गेली. मग परत इकडची. मग—"

लेक आयुष्यात पहिल्यांदा आईला गप्प झालेलं बघत होती. "अहो, आधी खाली उतरा," ती नवऱ्याला म्हणाली. "आईला काहीतरी होतंय."

सासूबाई भिंतीपलीकडे बघत होत्या. तिथे भिंतीला लागून एक खुर्ची होती. खुर्चीवर उशी. भिंतीच्या वरच्या कडेचा रंग डोकं टेकून टेकून पार गेलेला. तेवढ्यात विणकाम हातात घेऊन नर्सबाई खाली मान घालून आल्या, सवयीने खुर्चीत टेकणार तोच उजेड जाणवला. त्यांनी वर पाहिलं आणि अर्ध्यातच अवघडून उभ्या राहिल्या. विणकाम म्हणजे वीतभर मोजा होता. लोकर मळून काळी पडली होती, पण मोजा काही वाढला नव्हता.

"गुडघा कसा आहे आता?" नर्सबाईंच्या तोंडून निघून गेलं.

सासूबाईंना दुसरा धक्का बसला. गुडघ्याचं त्यांनी फक्त लेकीला सांगितलं होतं, तेही याच झाडाखाली, हळू आवाजात. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

नर्सबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या सुपाकडे पाहिलं. सुपातले तांदूळ हाताळून हाताळून मोत्यासारखे झाले होते.

सासूबाईंनी सूप पदराखाली घेतलं. पण आता झाकायला झाडच उरलं नव्हतं.

"मुलगी गेली का परत?" त्यांनी विचारलं.

"फोन यायचाय. येता का इकडे ऐकायला?"

जावईबापू शिडीपाशी मान खाली घालून बोलणी खायला तयार उभे होते. सासूबाईंनी त्यांच्या खांद्याला धरून भिंतीवर एक पाय टाकला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "सगळं कापड वाया घालवलंत. पण अंगाला बसलं."