पन्नासची लेन्स, दहा सेकंद

खरेदीत आपल्याला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तक्तेसाहेब छातीठोकपणे सांगत. हे नाव त्यांना ऑफिसनं दिलेलं. खरेदी विभागात बावीस वर्षं काढलेला हा गृहस्थ साधा झाडू घ्यायचा झाला तरी तीन दुकानांचे भाव मागवी, तुलनेचा तक्ता मांडी आणि मगच सही करी. मग कॅमेऱ्याची लेन्स म्हणजे काय विचारता!

घरात कॅमेरा होता, पण त्याची झूम लेन्स बरणीएवढी! ती गळ्यात अडकवून भाजी आणायला जाणं शक्य नव्हतं. साहेबांना हवी होती रोज खिशात घालून हिंडता येईल अशी, लहानशी, परवडणारी प्राइम, म्हणजे एकाच ठरलेल्या मापाची लेन्स. आणि ती याच आठवड्यात हवी होती. सहा वर्षांनी परदेशातून आलेली ताई रविवारी चार वाजता परत निघणार होती, आणि आईनं एकच हट्ट धरला होता.

"घरात चार अल्बम आहेत, पण सगळे एकत्र असा एक फोटो नाही! तू कायम कॅमेऱ्यामागे. ती जायच्या आत एक तरी काढ, तुझ्यासकट."

झालं! साहेबांनी तक्ता मांडला. रकाने तीन: किंमत, वजन आणि मागचं किती धूसर होतं. पन्नास मिलिमीटरची, म्हणजे पन्नासची लेन्स सगळ्यांना मागे टाकून पहिली आली.

"घरातच फोटो काढायचेत ना?" दुकानदार म्हणाला. "मग ही चपटी घ्या, अठ्ठावीसची. बिस्किटाएवढी आहे, आणि मागे फार सरकावं लागत नाही."

"तक्त्यात पन्नासची पहिली आहे," साहेब म्हणाले.

"अहो, पण तुमचा हॉल केवढा?"

"हॉलचा रकाना नाही."

दुकानदारानं हात जोडले. साहेबांनी जुनी बरणी बदल्यात देऊन टाकली आणि नवी लेन्स खिशात घालून तरंगतच घरी आले.

मुलीनं ती उलटसुलट करून पाहिली. "बाबा, यात झूम कुठाय?"

"झूम आपल्या पायांत असतो! पुढे जायचं, मागे यायचं. खरे फोटोग्राफर चालतात!"

ते किती चालतात हे रविवारी तीन वाजता कळलं.

आई आणि अण्णा खुर्च्यांवर बसले. मागे ताई, भाऊजी, बायको आणि मुलगी उभी राहिली. साहेबांनी भिंतीला पाठ टेकवून कॅमेऱ्यातून पाहिलं. आई दिसत होती, अण्णांचा एक कान दिसत होता. बाकी कुणीही नाही!

"अहो, मोबाइलवर काढूया का?" बायकोनं विचारलं.

"सगळ्यांचे मोबाइल बाजूला! मी जरा मागे जातो."

ते मागे गेले. दारातून बाहेर गेले, तरी भाऊजी आणि मुलगी मावेनात. बाहेरचा पॅसेज ओलांडला. तेवढ्यात त्यांच्या पाठीनं समोरच्या दाराची बेल दाबली. दार उघडलं आणि साहेब, डोळा कॅमेऱ्याला तसाच लावून, उलट्या पावलांनी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घरात शिरले.

"हे काय?" बाई गरजल्या.

"नमस्कार. फक्त चार पावलं आणखी."

बाईंच्या सोफ्याला पाठ लागली तेव्हा कुठे सगळं कुटुंब चौकटीत आलं! दोन घरांची दारं सताड उघडी आणि त्यांच्यापलीकडे, लांब, आपली माणसं! साहेबांना आनंदानं भरून आलं. तिथंच त्यांनी स्टँड रोवला.

"भाऊजी, आत सरका! दाराच्या चौकटीत अर्धे कापले जाताय!"

"अरे, आणखी सरकलो तर तुझ्या बहिणीच्या पायावर उभा राहीन!" पलीकडून आवाज आला.

"बटण मी दाबते की," बाई म्हणाल्या. "तुम्ही जाऊन उभे राहा."

"नको बाई. त्याला सवय लागते."

"बटणाला?" बाईंचा चेहरा शाळा तपासणीच्या दिवशी असावा तसा झाला. "बरं. मग मी आकडे मोजते."

दहा सेकंदांचा टायमर लावला. या कॅमेऱ्याची एक खोड होती. दहा आकडे मोजून झाले की अगदी शेवटच्या क्षणी तो नजर लावायचा, म्हणजे फोकस करायचा, आणि समोर जे सगळ्यात जवळ असेल त्यावरच लावायचा.

"एक!" बाई कवायतीच्या आवाजात ओरडल्या. साहेब पळाले. पॅसेज पार केला, दारातल्या चपलांच्या ढिगात पाय अडकला आणि सातव्या आकड्याला ते थेट आपल्या हॉलमधल्या सोफ्याखाली! फोटोत सगळे खाली वाकून बघतायत आणि सोफ्याखालून दोन पाय बाहेर आलेत.

चपला हलवल्या. पुन्हा "एक!" या वेळी साहेब नवव्या आकड्याला जागेवर! केस नीट केले, हसले. आणि त्याच क्षणी लिफ्ट उघडून दोन माणसं एक भलीमोठी गादी घेऊन पॅसेजमधून गेली.

फोटोत गादीची शिवण न् शिवण मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती.

"आम्ही कुठे आहोत?" बायकोनं विचारलं.

"वरच्या कोपऱ्यात. तो गुलाबी ठिपका तू! अगं, काय सुरेख धूसर झालंय बघ! पैसे वसूल!"

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. चारला पाच कमी. भाऊजींनी बॅगा उचलल्या. आईनं पदरानं चष्मा पुसला, मग उगाचच पुन्हा पुसला.

"राहू दे रे. पुढच्या वेळी आली की काढू."

मागची वेळ सहा वर्षांपूर्वीची होती. ताई खिडकीबाहेर बघत राहिली. आपल्या एका तक्त्यापायी आईचा एवढासा हट्ट राहून जाणार, हे साहेबांना सहन होईना.

"शेवटचा!" ते ओरडले. "बॅगा खाली! सगळे जागेवर!"

बाई मोजायला लागल्या. साहेब असे सुटले की बाईंच्या दारातलं पायपुसणंही त्यांच्यामागून घसरत पॅसेजमध्ये आलं. पाच! सहा! आणि खुर्चीवरून अण्णांचा जुना, खणखणीत आवाज आला,

"हळू! पडशील!"

साहेबांचं वय शेहेचाळीस. पण अण्णा ओरडले की जागच्या जागी थांबायचं, हे त्यांच्या पायांना लहानपणापासून ठाऊक. पाय थांबले, बाकीचे साहेब थांबले नाहीत, आणि ते आपल्याच उंबऱ्यापाशी धपकन खाली बसले. समोर अण्णांसकट सगळे खो खो हसायला लागले. आई तर पोट धरून!

"दहा!" बाईंनी जाहीर केलं. क्लिक!

पुन्हा काढायला वेळच नव्हता. हॉर्न, बॅगा, मिठ्या, लिफ्ट, आणि ताई गेली.

फोटो मग टीव्हीवर लावून पाहिला. मागे सहा रंगीत ढग. कुठला भाऊजी आणि कुठली ताई, शपथेवर सांगता येणार नाही. आणि पुढे, मधोमध, खाली बसलेल्या साहेबांच्या डोक्याची मागची बाजू! लखलखीत! दोन वर्षं साहेब ज्याला "केस जरा विरळ झालेत" म्हणत होते, ते बशीएवढं टक्कल पन्नासच्या लेन्सनं अख्ख्या घरासमोर मांडलं होतं.

आई मात्र टीव्हीजवळ जाऊन एकेका ढगावर बोट ठेवून मोजत होती. "...पाच, सहा, आणि हा सात. आहेत सगळे! मोठा करून आण, इथे भिंतीवर लावायचाय."

"आई, कुणाचा चेहरा तरी दिसतोय का त्यात?"

"मला दिसतोय. आम्ही हसतोय."

तेवढ्यात विमानतळावरून ताईचा फोन आला. मुलीनं तिला फोटो केव्हाच पाठवला होता. ताई हसत होती की रडत, ते कळत नव्हतं.

"अरे, चारही अल्बममध्ये आम्ही सगळे आहोत आणि तू नाहीस. आता या एकात तू आहेस. झाला हिशोब पूर्ण! फक्त पुढच्या वेळी तोंड इकडे कर."

साहेब एवढंच म्हणाले, "लेन्स धारदार आहे, हे तर मान्य कराल? आणि ते टक्कल नाहीये. उजेड तसा पडलाय."

मुलगी रिमोट घेऊन पुढे सरसावली. तिनं एक बटण दाबलं, मग पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिली, आणि टीव्हीचा बेचाळीस इंची पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत टकलानं भरून गेला.

"बाबा, बघा ना!" ती आनंदानं ओरडली. "इथे झूम होतो!"