वखार क्लबाचा उज्ज्वल इतिहास

मुलांनो, पोलंड नावाच्या देशात एक जंगल होतं आणि त्या जंगलात बास्केटबॉलचा एक क्लब होता. तुमच्या गोष्टींत जंगलाला सिंह राजा असतो. इथे थंडी इतकी होती की सिंहाने यायलाच नकार दिला. त्यामुळे या जंगलाला राजा नव्हता. समित्या होत्या.

क्लब काढला रोमुआल्ड नावाच्या बीव्हरने, म्हणजे दातांनी झाडं पाडून नदीला बांध घालणाऱ्या प्राण्याने. मोठं युद्ध नुकतंच संपलं होतं. अर्धं जंगल जळलं होतं आणि उरलेलं बांधून काढायचं होतं. नदीकाठी लाकडाची वखार सुरू झाली आणि रोमुआल्ड तिथला मुकादम झाला. दिवसभर सगळे ओंडके वाहत. संध्याकाळी करायला काही नसे, म्हणून ते एकमेकांशी भांडत. रोमुआल्डने अळंबी गोळा करायची एक टोपली घेतली, तिचा तळ कापला आणि ती देवदाराच्या खोडाला उंचावर ठोकली. जुन्या बुटांचं कातडं शिवून चेंडू केला.

"आता भांडायचं असेल तर हा चेंडू घेऊन भांडा," तो म्हणाला.

क्लबाला नाव काय द्यायचं यावर कोणी डोकं चालवलं नाही. वखारीतले खेळतात, म्हणून 'वखार'. ओरडायलाही सोपं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी या संघात झेनोन नावाचा रानगवा आला. सकाळी तो ओंडके ओढी आणि संध्याकाळी टोपलीखाली उभा राही. तो उभा राहिला की दुसऱ्या कोणाला तिथे जागा उरत नसे. राजधानीच्या मोठ्या क्लबांत खेळाडू फक्त कागदावर, पगारापुरते कामाला असत. झेनोनच्या बाबतीत कोणाकडून तरी गफलत झाली होती, कारण तो खरंच काम करायचा.

त्या काळी दरवर्षी राजधानीचे लांडगे विजेते ठरत. लांडग्यांचा संघ सैन्याचा होता आणि पंचांच्या घरी सैन्यातूनच कोळसा येई. तरीही एका वर्षी वखार अंतिम सामन्यात पोचली. सारं जंगल वखारीच्या पत्र्याच्या छपराखाली दाटीवाटीने बसलं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा वखार एका गुणाने मागे होती आणि झेनोनचं डावं शिंग एका लांडग्याच्या कोपराने तडकलं होतं.

रोमुआल्डने त्याला जवळ बोलावलं. "दुखतंय?"

"हो."

"मग लवकर संपवू."

झेनोनने चेंडू घेतला. दोन लांडगे त्याच्या पाठीवर चढले, त्यांना तसंच घेऊन तो टोपलीपर्यंत गेला आणि चेंडू आत टाकला. पंचाने बराच वेळ शिट्टी तोंडात धरून ठेवली. वाजवावी असं कारण शोधत होता. सापडलं नाही.

वखार विजेती झाली. करंडक भुशाने भरलेल्या खोक्यातून मिरवत आणला. रोमुआल्ड त्या दिवशी रडला आणि डोळ्यात भुसा गेला असं सांगत राहिला. पुढच्या वसंतात तो वारला. त्याच्या जागी मुकादम म्हणून कोणी आलं नाही, कारण एव्हाना काळ बदलत होता.

मुलांनो, काळ बदलतो म्हणजे काय होतं, तर कोल्हा अध्यक्ष होतो.

या कोल्ह्याचं नाव आरेक. त्याने आयुष्यात चेंडूला पंजा लावला नव्हता, त्यामुळे तो निःपक्षपाती मानला गेला. पहिल्याच सभेत त्याने सांगितलं की आता क्लब व्यावसायिक झाला पाहिजे.

"म्हणजे काय होणार, अध्यक्षसाहेब?" झेनोनने विचारलं. तो आता निवृत्त झाला होता आणि मैदान झाडायचा.

"आपण तेच खेळायचं, झेनोनकाका. फक्त नाव दुसऱ्याचं."

त्या वर्षी क्लबाचं नाव 'अस्वल बंधू जांभूळ जॅम वखार' झालं. पुढच्या वर्षी 'वखार' छोट्या अक्षरांत गेलं आणि तिसऱ्या वर्षी ते जर्सीवर मावेना. मग जॅमवाले गेले, मुंगी विमा आली. मुंगीने आपलं पूर्ण नाव घालायचा आग्रह धरला. ते नाव एवढं लांब होतं की प्रेक्षक ओरडून संपवेपर्यंत चेंडू तीनदा हातबदल करून आलेला असायचा. बिळांतून आलेले म्हातारे बॅजर मात्र "वखार, वखार" असंच ओरडत. त्यांना ताकीद देण्यात आली.

मग परदेशातून खेळाडू आला. तो जिराफ होता, नाव डेरेल. त्याला उडी मारावी लागत नसे. तो वाकून चेंडू टोपलीत ठेवी आणि माफी मागितल्यासारखा मागे सरके. बिचारा भला होता. थंडीने त्याची मान आखडायची. झेनोनच्या बायकोने त्याला मफलर विणला. तो विणायला तिला पूर्ण हिवाळा लागला.

संघ पुन्हा जिंकू लागला. आणि नेमका तेव्हाच आरेकने क्लब विकला.

नदीपलीकडे मोठी पाणथळ होती. तिथल्या बेडकांनी नवं कोरं स्टेडियम बांधलं होतं. त्यात सगळं होतं, फक्त संघ नव्हता. आरेकने त्यांना संघाची लीगमधली जागा दिली, जर्सी दिल्या, करंडक दिला. शेवटी बेडूक म्हणाले, "आम्हाला इतिहास कमी पडतोय." तेव्हा त्याने इतिहासही दिला.

झेनोन त्याच्याकडे गेला. "तो अंतिम सामना आम्ही इथे खेळलो, साहेब. या छपराखाली."

"खेळलात ना. कोण नाही म्हणतंय?" आरेक म्हणाला. "पण आता तो सामना पाणथळीने जिंकलेला आहे. करारात तसं आहे."

"तेव्हा पाणथळीत क्लबच नव्हता."

"म्हणूनच त्यांचं कौतुक वाटतं."

मुलांनो, तुम्ही म्हणाल की जंगलाने काही केलं नाही का. केलं. समिती नेमली. समितीने खेद व्यक्त केला आणि त्यातले दोघे पाणथळीच्या कार्यकारिणीवर गेले.

डेरेल मात्र गेला नाही. करारात त्याचंही नाव होतं. पण पाणथळीत पहिलं पाऊल टाकताच तो गुडघ्यापर्यंत रुतला आणि बेडकांनी त्याला जरा अवजड सामान म्हणून परत पाठवलं. तो वखारीत राहिला आणि बॅजरांच्या पोरींना चेंडू कसा धरायचा ते शिकवू लागला.

काही महिन्यांनी झेनोनला निमंत्रण आलं. पाणथळ क्लब आपल्या स्थापनेची पंचाहत्तरी साजरी करणार होता आणि आपल्या महान खेळाडूची जर्सी छताला टांगून तिचा गौरव करणार होता. त्याने बायकोकडून कोट झाडून घेतला आणि तो पायी पुलावरून गेला. राग होता, पण बोलावलं होतं हेही खरं होतं.

फाटकावर एक बदक यादी घेऊन उभं होतं.

"नाव?"

"झेनोन."

बदकाने यादी पाहिली. "झेनोन वर टांगलेले आहेत. आपण कोण?"

"मीच तो."

"ते इतिहासात आहेत, आजोबा. यादीत नाहीत."

झेनोनने निमंत्रण दाखवलं. बदकाने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि सांगितलं की हे 'निमंत्रण दिलं' असं स्मरणिकेत छापता यावं म्हणून पाठवलं होतं, येण्यासाठी नव्हतं. आतून टाळ्या ऐकू आल्या. निवेदक सांगत होता की आमच्या झेनोनने दोन लांडगे पाठीवर घेऊन आम्हाला करंडक मिळवून दिला. झेनोनने शेवटपर्यंत ऐकलं. निवेदकाने लांडगे चार केले होते.

घरी येऊन त्याने कोट खुंटीला लावला. बायकोने विचारलं, "कसा झाला सत्कार?"

"झाला. मी नव्हतो."

तिने सूप वाढलं. सूप संपल्यावर तो म्हणाला, "डेरेलला विचार, त्याच्या पोरी किती आहेत."

"सात," ती म्हणाली. "पाच पुरतात ना?"

दुसऱ्या दिवशी तो सात बॅजर पोरींचा संघ नोंदवायला लीगच्या कचेरीत गेला. 'वखार' हे नाव मिळालं नाही, ते पाणथळीच्या मालकीचं होतं. कारकून सशाने क्लबाच्या नावाच्या रकान्यात नुसती रेघ मारली आणि विचारलं, "विजेतेपदं?"

"एकही नाही," झेनोन म्हणाला.

सगळ्यांत खालच्या गटात त्यांना जागा मिळाली. पहिला सामना साळिंदरांशी होता. पत्र्याच्या छपराखाली पुन्हा सारं जंगल आलं. बसायला जागा नव्हती म्हणून बरेच जण देवदारांवर चढले. साळिंदरांनी पहिल्याच अर्ध्या तासात तीन चेंडू फोडले. चौथा चेंडू नव्हता. जिकडे गुण जास्त तो संघ विजयी, असं पंचाने जाहीर केलं. गुण साळिंदरांचे एकतीस आणि पोरींचे नऊ होते.

कोणी उठेना. मग एक म्हातारा बॅजर "वखार" म्हणून ओरडला आणि सगळे ओरडू लागले. नाव वापरल्याबद्दल पाणथळीच्या वकिलाने दुसऱ्या दिवशी नोटीस पाठवली. ती डेरेलने वाचली आणि मफलरमध्ये ठेवून दिली.

पुढच्या शनिवारी ते आठ चेंडू घेऊन खेळले आणि हरले. त्याच्या पुढच्या शनिवारीही हरले. छपराखाली तेवढीच गर्दी होती.

त्या वर्षी पाणथळ क्लब देशात पहिला आला. 'आमच्या उज्ज्वल परंपरेला साजेसं यश,' असं आरेकने सांगितलं. तो आता तिथे सल्लागार होता. स्टेडियमच्या निम्म्या खुर्च्यांवरची प्लास्टिकची वेष्टनं अजून काढलेलीही नव्हती.

वर्तमानपत्राची मैना झेनोनकडे आली.

"तुमच्या क्लबाचा थोडक्यात इतिहास सांगता का?"

"परवा हरलो," झेनोन म्हणाला.

"आणि त्याआधी?"

"त्याआधीच्या शनिवारी हरलो." त्याने केरसुणी उचलली. "त्याच्या आधीचं हवं असेल तर पुलापलीकडे विचार. आणि जरा बाजूला हो, पोरी सरावाला यायच्यात."

*तात्पर्य:* मुलांनो, उगाच जिंकून ठेवू नये. जिंकलेलं विकता येतं, म्हणून ते एक दिवस विकलं जातं. हरलेलं कोणी विकत घेत नाही, ते शेवटपर्यंत आपल्यापाशी राहतं. शाळेत विचारलं तर मात्र वेगळं उत्तर लिहा. तिथे मार्क असतात.