साळूवहिनीचे उपास

आमच्या साळूवहिनीला आठवड्यात चार उपास. एवढ्या देवांनी तिच्यावर हक्क सांगितलाय, की जेवायला वार मिळणं मुश्कील. आणि उपास धरला की चुलीवरचं चाखायचं नाही. म्हणून दिवेलागणीला भिंतीवरून वाटी येते. "भावजी, जरा मीठ बघा."

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची विधवा. सोनईत आमच्या दोघांच्या अंगणात कमरेएवढी भिंत. तिच्या घरात पोरगा, सून, दोन नाती. पोरगा टेम्पो चालवतो, आणि कमाई त्या टेम्पोसारखीच, मधेच बंद पडते. तरी रोज पाच ताटं वाढायचीच, हा वहिनीचा हट्ट.

लोक फ्लॉवरचा गड्डा खातात, ही पाला. बाजारातून "शेळीला पायजे" म्हणून फुकट आणते. शेळी नाहीच. भाजीवाली दर बाजारी शेळीची तब्येत विचारते, ही न लाजता सांगते, "गाभण हाय." दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या सालीची भाजी. तिच्या घरातून बाहेर टाकला जातो तो फक्त धूर. आमटीत डाळ सापडली तर नाती टाळ्या वाजवतात. "डाळीत काय हाय? चव फोडनीत असती," हे वहिनीचं शास्त्र.

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण कुणापुढं ताट धरलं नाही. बायको गेली तेव्हा माझा पोरगा म्हणाला, "आबा, चाकणला चला, इथं उपाशी मराल." म्हटलं, माझं मी करून खाईन. खातोच. एकाच पातेल्यात खाली करपलेली, वर कच्ची खिचडी करणं सगळ्यांनाच जमत नाही. वहिनीनं चारदा जेवायला बोलावलं, चारदा सांगितलं, पोट भरलंय. पण मीठ बघणं वेगळं. ते काम झालं. साठीची बाई, अजून मिठाचा अंदाज नाही, मग जाणत्या माणसानं नको का सांगायला?

हळूहळू वाटीचा वाडगा झाला. सोबत भाकरी यायला लागली. नुसत्या आमटीचं मीठ कळत नाही म्हणे. मी दर वेळी खोट काढायचो.

परवा हुलग्याचे शेंगोळे आले. निम्मे संपल्यावर ध्यानात आलं, आज बुधवार.

"वहिनी, बुधवारी कुठल्या देवाचा उपास?"

"हाय एक. लई हट्टी हाय. बोलावलं तर येत न्हाई, निमित्त केलं तरच घास घेतो."

"असले देव पाळावेत कशाला?"

तेवढ्यात आतून सून म्हणाली, "तात्या, आत्याबाई पीठ पाच मानसांचंच मळत्यात. वाडग्यातलं त्यांच्या वाटचं हाय. उपासाचं खोटं बोलू न्हाई, म्हनून खरंच पान्यावर ऱ्हात्यात."

"तू गप गं!" वहिनी खेकसली.

वाडगा भिंतीवर ठेवला. घरात जाऊन पिठाचा डबा उचलला, तेलाची बरणी काखेत मारली, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा वहिनीच्या दारातून आत गेलो.

"इथनं पुढं सहा मानसांचं मळा," म्हटलं. "आन् आधी तुमी जेवा."

वहिनीनं डबा उघडला. चिमटीत पीठ घेऊन चोळून बघितलं.

"जाडं दळलंय, भावजी," म्हणाली.

मग माझ्यासाठी पाट मांडला, स्वतःचं ताट घेतलं, आणि बुधवार असून जेवायला बसली.