सही न घेता सोडायचा पाहुणा

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर नवा वॉचमन लागला की सेक्रेटरी त्याला पाण्याच्या मोटरचं बटण दाखवतात आणि रूबेनकाका त्याला एलियाहूचं वर्णन सांगतात. पांढरी दाढी, उन्हाने रापलेला चेहरा, चपला धुळीने भरलेल्या. असा म्हातारा आला की त्याला रजिस्टरात सही करायला लावायची नाही, कुणाकडे जायचंय ते विचारायचं नाही, सरळ तिसऱ्या मजल्यावर पाठवायचं. आत्ताचा वॉचमन मोरे महाडकडचा, सांगितलेलं नीट ऐकून घेणारा. त्याने एकच शंका काढली, "फोन नंबर तरी घेऊ का, काका?"

काका म्हणाले, "त्याच्याकडे फोन नाही. रथ आहे."

मोरेने मान डोलावली. आमच्या शांती नगरात राहायचं तर माणसाने फारसं नवल करून चालत नाही.

मी काकांच्या समोरच्या दारात राहते. रूबेन थळकर हे नाव अर्धं परदेशी वाटलं तरी माणूस पक्का अलिबागकडचा. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांचे वाडवडील थळला तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. काका मात्र जन्मभर एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटवर उभं राहायचं आणि उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे तांबडी खूण करायची. रिटायर झाले, तरी खोड गेली नाही. मला बाजारातून यायला उशीर झाला की दार किलकिलं करून "लेट" एवढंच म्हणतात आणि दार लावून घेतात. मी त्यांना काही सांगून गेलेली नसते, तरीही.

असा हा माणूस दोन हजारांहून जास्त वर्षं लेट असलेल्या पाहुण्यावर मात्र कधी चिडत नाही.

एलियाहू हन्नाबी हा यहुद्यांचा फार जुना नबी. तो मेला नाही, आगीच्या रथात बसून वर गेला, आणि त्या रथाचं चाक अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकाला टेकलं, असं काकांच्या लोकांत मानतात. खूण अजून आहे म्हणे. तो एक दिवस परत यायचा आहे. म्हणून वल्हांडणाच्या सणाला त्याच्या नावाचा पेला भरून ठेवतात, मुलाची सुंता असली की त्याची खुर्ची मांडतात. बाकीच्यांचं ते सणाकार्यापुरतं असतं, काकांनी खुर्ची कायमची मांडली. दाराशेजारी, वेताची, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा नेमकी तिच्यावरच टेकले. काका अगदी अदबीने म्हणाले, "बस, बस. तो आला की ऊठ." त्यानंतर मी उभी राहूनच बोलत आले आहे.

बाकीचे नबीही काकांच्या तोंडी ऑफिसातल्या जुन्या माणसांसारखे असतात. यिर्मया सदा रडका, पण मनाचा निर्मळ. योनाला ड्युटी लागली तर तो उलट्या दिशेच्या जहाजात चढून झोपला. आमोस शेरडं-मेंढरं राखणारा, तोंडाचा फटकळ, पण काकांचा सगळ्यात लाडका. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये लॉबीला संगमरवर लावायचा ठराव आला. वॉचमनच्या केबिनला तेव्हा पंखासुद्धा नव्हता. काका उठले आणि म्हणाले, "गरीब आदमी धूप में बैठा है और तुम संगमरवर लगाते हो. आमोस ने इसपे बहोत बोला है."

सेक्रेटरी मेहताभाईंनी चष्मा वर केला. "आमोस कौन? कौन सी विंग में रहता है?"

"वो मेंबर नहीं है," काका म्हणाले.

"तो फिर वो मीटिंग में कैसे बोला?"

पंखा लागला, हे मुद्दाम सांगते. संगमरवरही लागला.

काकांची खरी जुंपते ती रेजिनाशी. रेजिना उत्तनची मासेवाली. यहुद्यांना खवल्यांचीच मासळी चालते हे तिला पक्कं ठाऊक, त्यामुळे काकांचा रावस ती पाटीत वेगळा झाकून आणते. ती ख्रिस्ती, म्हणजे नबी दोघांचे तेच. भांडण हिशोबाचं नाही, एलियाहूचं.

"आमच्यात तर तो कवाच येऊन ग्येला, काका," रेजिना रावसाचे तुकडे करत म्हणते. "योहान होऊन आला, येशूला बाप्तिस्मा दिला नि ग्येला पन. तुमी अजून खुर्ची पुसताय."

"तुमच्याकडे आला असेल. आमच्याकडे अजून यायचाय."

"मंग आमच्याकडनं तुमच्याकडं याला एवढा टाइम? उत्तनवरनं बस हाय."

यावर काका पैसे मोजतात. पिशवी घेतात, दार लावतात. पण खुर्ची दुसऱ्या दिवशीही पुसलेली असते.

मला बरेच दिवस वाटायचं, रिकामपणाचा चाळा आहे. मग एकदा त्यांनीच सांगितलं. काकांचा मुलगा योएल इस्राएलमध्ये असतो. राहेलकाकू गेल्या तेव्हा तो निघाला, पण त्याचं विमान कुठेतरी अडकलं. यहुद्यांत माणूस गेल्यावर फार वेळ ठेवत नाहीत. पोरगा घरी पोचला तेव्हा माती देऊन सगळे परत आले होते. दार उघडून काका त्याला म्हणाले, "लेट आलास."

"सवयीने निघालं गं तोंडातून," मला सांगताना ते टॉवेलची घडी उलगडत होते आणि परत घालत होते. "तो बसलासुद्धा नाही. बॅग घेऊन आला तसा खाली उतरला."

तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोललेले नव्हते.

"मग फोन करा ना," मी म्हटलं.

"ते माझं डिपार्टमेंट नाही." आणि त्यांनी मला शेवटच्या नबीचं, मलाखीचं सांगितलं. सगळे नबी ओरडून गेले, हा मात्र जाता जाता एवढंच सांगून गेला, की एलियाहू येईल आणि आधी बापाचं मन पोराकडे वळवेल, मग पोराचं बापाकडे. "क्रम बघ. आधी बापाचं."

"तुमचं वळलंय का?"

"माझं केव्हाच वळलंय."

"मग अडलंय कुठे?"

"तो यायला हवा ना," काका म्हणाले. मला त्यांचा असा राग आला की मी दोन दिवस त्यांच्याकडे गेले नाही. एवढा हिशोबी माणूस, आणि स्वतःच्या पोराचं काम दुसऱ्यावर टाकून बसलेला.

त्यांनी नवसही केलेला. योएल बोलला की मलिदा करायचा. बेने इस्राएलांकडे एलियाहूच्या नावाने करतात तो मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, आणि ताटाभोवती फळं. ऐन वेळी पळापळ नको म्हणून काका पोह्यांचा डबा कायम भरलेला ठेवतात. पोहे जुने झाले की "किडे पडायच्या आत ने" म्हणून ते मला देतात आणि नवे आणतात. आमच्याकडे नाश्त्याला इतके पोहे का होतात, हे माझ्या घरच्यांना मी कधी सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी काकांना भरली वांगी द्यायला गेले होते. बेल वाजली. दारात एक म्हातारा उभा. पांढरी दाढी, रापलेला चेहरा, चपला धुळीने भरलेल्या, हातात कापडी पिशवी. मोरेने सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं.

काका दारातून बाजूला झाले. त्यांनी खुर्चीकडे हात केला. म्हातारा बसला. काकांनी पाणी आणलं ते अर्धं बशीत सांडलं होतं. केळं दिलं, खजूर दिला. म्हाताऱ्याने सगळं सावकाश खाल्लं आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "अनीस घर पे नहीं है?"

"कौन अनीस?"

"मेरा बेटा."

त्याने पत्त्याचा कागद काढला. सगळं बरोबर होतं, फक्त सेक्टर चुकला होता. आमच्याकडे सगळ्या बिल्डिंगी सारख्याच, आणि गेटवर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. मला हसू आलं, ते मी पदराआड लपवलं. काका हसले नाहीत. त्यांनी आपण कुणाची वाट बघतोय ते त्याला सरळ सांगून टाकलं. म्हातारा जरासुद्धा चकित झाला नाही. म्हणाला, "हमारे यहाँ भी हैं. हज़रत इल्यास. नबी हैं." आणि आपण त्यांच्याच खुर्चीत बसलोय हे कळल्यावर घाईघाईने उठला.

"बेटे को मालूम है, आप आ रहे हो?" काकांनी विचारलं.

"नहीं. नाराज़ है. दो ईद निकल गई, आया नहीं." त्याने पिशवी उचलली. "मैंने सोचा, मैं ही चला जाता हूँ."

काकांनी चपला घातल्या. "चल," मला म्हणाले, "याला पोचवून येऊ."

दोन सेक्टर पलीकडे जायचं होतं. उन्हात दोघे म्हातारे एकमेकांच्या चालीने चालत होते, मी मागे. अनीस आम्हाला जिन्यातच भेटला, मुलीला घेऊन खाली निघाला होता. बापाला बघून थबकला. भांडण होणार असं मला वाटलं. त्याने नुसती पिशवी बापाच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "अब्बा, फोन तो करते. मैं लेने आता."

परत येताना काका माझ्या पुढे पुढे चालत होते. गेटवर मोरे उभा राहिला. "काका, तेच होते ना?"

"काम तरी त्याचंच होतं," काका म्हणाले.

वर आल्यावर त्यांनी फोन हातात घेतला. चष्मा टीव्हीवर राहिला होता, तो आणायला मी वळले, पण नंबर त्यांना पाठ होता. नंबर लावता लावता ते जवळ होती त्या खुर्चीवर बसले. ती एलियाहूची आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. पलीकडे रिंग वाजत होती, ती मला ऐकू येत होती. मग कुणीतरी काहीतरी म्हणालं.

"योएल," काका म्हणाले, "मी पपा." आणि मग, "मला लेट झाला रे. फार लेट झाला."

पुढचं मी ऐकलं नाही. काका मान खाली घालून नुसते ऐकत होते, आणि पलीकडचा आवाज काही थांबत नव्हता. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, डबा काढला आणि पोहे भिजत घातले.