साहेबांचं आफ्रिकेचं फळ

"कुंडी मी सांभाळतो," असं मी साहेबांना म्हटलं, तिथेच माझं चुकलं.

नवा मध्यप्रदेश नुकताच झाला होता. राजधानी भोपाळला गेल्यामुळे आमच्या कचेरीतली अर्धी माणसं तिकडे निघाली होती, आणि बदलीच्या यादीत माझंही नाव होतं. मला शेजारच्या देवासच्या पुढे गेलं तरी घर आठवून रडू येतं (वय छत्तीस).

दौलतरावसाहेब म्हणाले, "श्रीपादजी, भोपाळला बंगला मिळेपर्यंत हे झुडूप तुमच्या घरी राहू द्या. आफ्रिकेच्या गवताळ माळावरचं आहे, मेव्हण्याने बी पाठवलं होतं. चार वर्षांनी पहिलं फळ धरलंय. ते मला खायला मिळालं, की तुमचं नाव यादीतून कटलं समजा."

साहेब गणेशचतुर्थीला येणार होते. आदल्या दिवशी कचेरीतून परतलो, तर कुंडीत नुसत्या काड्या! शेंड्याला चार पानं.

"पद्मजा, झाडाला काय झालं?"

"अहो, आज हरितालिका नाही का! पूजेला पत्री कम पडली. आणि पाच फळांत एक कमी होतं."

"मग फळ कुठाय?"

"गुरुजींनी दारातच खाल्लं. काही खास नाही म्हणाले."

मी मटकन खाली बसलो. बायकोला दया आली असावी. उपासामुळे घरात भाजी झाली नव्हती आणि टोपलीत एक तोंडलं पिकून लालभडक झालं होतं. आकार तोच, रंग तोच. तिने ते हिरव्या दोऱ्याने फांदीला बांधलं.

सकाळी साहेब आले. "पानं कुठायत?"

"फळ पिकलं की गळतात, साहेब."

साहेबांनी फळ ओढलं. निघेना. "देठ भारी चिवट आहे हो!"

"माळावर वारा फार असतो ना, साहेब."

शेवटी दोरा तुटला. साहेबांनी डोळे मिटून अर्धं फळ खाल्लं. (मी मारुतीचं नाव घेत होतो.) "वा! याला म्हणतात फळ!" उरलेलं अर्धं त्यांनी बियांसाठी रुमालात बांधलं आणि कुंडी घेऊन गेले. आठवड्यात माझं नाव कटलं. मी गल्लीत पेढे वाटले.

दीड महिन्याने साहेबांचं पत्र आलं. "बी रुजलं. नवल म्हणजे झुडूप असून कुंपणावर चढत आहे. इथल्या माळ्यांना काही उमगत नाही. या झाडाचा तुमच्याइतका जाणकार दुसरा नाही, म्हणून तुमची खास बदली करून घेतली आहे. सोमवारी भोपाळला हजर व्हा."

मी ते पद्मजाला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "चला, तिथे तोंडली तरी विकत घ्यावी लागणार नाहीत."