कॉर्मकच्या कोटाची उजवी बाही

बायको, जयमाला, गेल्याचं हॉस्पिटलमधून कळलं, त्या दुपारी देवीदासच्या दारात पहिला माणूस आला तो खालच्या मजल्यावरचा कॉर्मक. आणि तो कोट मागायला आला होता.

“वहिनी?” त्याने आत डोकावून विचारलं. तेवढा एक मराठी शब्द जयमालानेच त्याला शिकवला होता. देवीदासने सांगितलं. कॉर्मक तिथेच जिन्यात बसला.

आयर्लंडमध्ये तीस वर्षं त्याने विनोद सांगितले, अकॉर्डियन वाजवलं. एका मालिकेत काम मिळालं, तर दुसऱ्याच भागात त्याला बुडवून मारलं. मग कामं आटली आणि तो दोह्याच्या एका हॉटेलात गाऊ लागला. वर्ल्ड कपसाठी स्टेडियमं उभी राहत होती, त्यांच्या उद्घाटनांना कलाकार हवे होते. त्या कलाकारांच्या निवडीला घालायचा हिरवा चौकड्यांचा कोट जयमाला त्याच्या मापाचा करत होती. डावी बाही झाली होती.

नाशिकला अंत्यविधी उरकून देवीदास दोह्याला परतला, तेव्हा तिथल्या मराठी मंडळाच्या गिरीशने मदिनत खलीफा भागातल्या आपल्या व्हिलात शोकसभा ठरवूनच टाकली होती.

“बोलणार कोण?” देवीदासने विचारलं.

“मी आहे की!”

गिरीशचा कागद देवीदासने आधीच्या दोन शोकसभांत ऐकला होता. दर वेळी फक्त नाव बदलायचं. जयमालाबद्दल एक तरी खरं वाक्य कुणी बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून त्याने कॉर्मकलाही बोलायला सांगितलं. “आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या गमती सांगतात. कुणी हसलं नाही, तर घरचे रागावतात,” कॉर्मक म्हणाला. देवीदासचं लक्ष नव्हतं. तो “हो” म्हणाला.

“जयमालावहिनी म्हणजे मंडळाचा आधारस्तंभ,” गिरीशने वाचलं. ती मंडळात दोनदा गेली होती. मग कॉर्मक अकॉर्डियन घेऊन उठला.

“माझ्या कार्यक्रमात वहिनी पहिल्या रांगेत बसल्या,” तो इंग्रजीत म्हणाला. “एकदाही हसल्या नाहीत. नंतर येऊन म्हणाल्या, तू आजारी आहेस, जेव. आणि डबा दिला.”

पांढऱ्या कपड्यांतली चाळीस माणसं माना खाली घालून बसली होती. कॉर्मकला घाम फुटला. त्याने डब्यातल्या कारल्याचा किस्सा जास्त मोठ्याने सांगितला. माना आणखी खाली गेल्या.

“अरे, थांबवा त्याला,” गिरीशची बायको सुचित्रा त्याच्या कानाशी लागली. त्याने घाईने पुकारलं, “दोन मिनिटं स्तब्धता!” सगळे उभे राहिले. लोक उठून चालले असं वाटून कॉर्मकने अकॉर्डियन उघडलं आणि नाचाची चाल लावली.

देवीदासला हसू आलं. दाबायला गेला तसे खांदे हलू लागले.

“भावजी, रडून घ्या,” सुचित्रा म्हणाली आणि स्वतःच रडू लागली. मग सगळेच रडले.

“तीस वर्षांत माझा कार्यक्रम असा पडला नव्हता,” परतताना कॉर्मक गाडीत म्हणाला. “वहिनीसुद्धा कधी हसल्या नाहीत.”

“तुझे विनोद तिला कळायचेच नाहीत.”

“मग यायच्या कशाला?”

“जेवलास का ते बघायला.”

कॉर्मकने तोंड खिडकीकडे फिरवलं.

निवडीला तो एक बाही आखूड, एक लांब अशा कोटात गेला. उजवा हात बाहीतून बाहेर येईना, तसे परीक्षक हसले. काम मिळालं. कोट त्याने देवीदासकडे आणून दिला. “तेवढी दुसरी बाही करून ठेव. सावकाश.”

देवीदासने शिवणाचा डबा उघडला. हिरवा दोरा सुईत तिनेच ओवून ठेवलेला होता. त्याने डबा बंद केला.

उजवी बाही अजून व्हायची आहे.