फक्त मागे बसायचं

रविवारी सकाळी सहा वाजता बायकोने पायाचा अंगठा धरून हलवला, तेव्हा मुद्रितशोधकाला वाटलं, छापखान्याला आग लागली असावी. त्याशिवाय आपल्याला उठवायचं दुसरं कारण त्याला सुचेना. आठवडाभर त्याने औषधांच्या पत्रकांवरचे बारीक अक्षरांतले दुष्परिणाम तपासले होते, आणि त्यांतले निम्मेअधिक आता त्याला स्वतःलाच जाणवत होते.

"उठा. धाकटीचा पाय मुरगळलाय."

"मग डॉक्टरला उठव."

"डॉक्टर बसणारेय का माझ्या मागे?"

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अकरा वर्षं स्कूटर शिकवत होती. मोटारसायकलचा वर्ग मात्र मालक तिला देत नव्हते. "बाई, गाडी तुम्हाला येते हो, पण पुरुष तुमचं ऐकायचे नाहीत," एवढंच ते म्हणत. आज जुन्या दगडखाणीत मोटारसायकल कौशल्याची स्पर्धा होती आणि मालक बघायला येणार होते. बायकोने जोडीच्या गटात नाव दिलं होतं. मागे बसणारी तिची धाकटी बहीण काल जिन्यावरून घसरली होती.

"मला काय करावं लागेल?"

"काही नाही. फक्त मागे बसायचं."

"झोप लागली तर?"

"हेल्मेटात कुणाला कळतंय?"

खाणीत पोचल्यावर पंचाने नियम वाचून दाखवले. आधी दगडगोटे, मग आडवे ओंडके, शेवटी चिखल. पाय जमिनीला टेकला की दंडाचा एक गुण. ओंडक्यांपाशी मागच्याने उतरायचं, पळत पलीकडे जायचं आणि पुन्हा बसायचं.

"तू म्हणाली होतीस, फक्त बसायचं."

"मग परत बसायचंच आहे ना!"

"आणि यंदाचा नवा नियम," पंच म्हणाला, "चिखलापाशी चालवणाऱ्याने मागे बसायचं आणि मागच्याने गाडी चालवायची."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोने त्याला आजवर दोनदा गाडी शिकवायला घेतलं होतं. पहिल्यांदा तो कुंपणात घुसला. दुसऱ्यांदा तो कुठेच घुसला नाही, पण घरात चार दिवस अबोला होता.

"नाव मागे घेऊ या," तो म्हणाला. बायकोने लांब उभ्या असलेल्या मालकांकडे पाहिलं आणि हातमोजे चढवले. मुद्रितशोधक हेल्मेट चढवून मागे बसला.

दगडगोट्यांवरून तिने गाडी अशी नेली की त्याला खरंच डुलकी लागली. ओंडक्यांपाशी तिने कोपर मारून त्याला जागं केलं. तो उतरला, धावला, धापा टाकत पलीकडे पोचला आणि टांग टाकून बसला. हेल्मेटची काच श्वासाने धुरकटली होती.

"काका," पुढून जाडा आवाज आला, "तुमची गाडी ती पलीकडची."

शेजारच्या वाटेवरच्या जोडीची माफी मागून तो परत येईपर्यंत लोक हसून लोटपोट झाले होते. मालकही.

चिखलापाशी अदलाबदल झाली. हँडल हातात आल्यावर त्याला घाम फुटायला हवा होता. पण घाबरायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"क्लच अर्धा सोडा," मागून आवाज आला. घरातला नाही, ड्रायव्हिंग स्कूलमधला. "अर्धा म्हणजे अर्धा. चाकाकडे बघू नका, त्या पिवळ्या झेंड्याकडे बघा. आता थोडी रेस. थोडीच."

त्याने अर्धा सोडला. झेंड्याकडे पाहिलं. थोडीच रेस दिली. गाडी डुलत डुलत निघाली, पाय दोनदा टेकला, तिसऱ्यांदा टेकता टेकता राहिला. झेंडा हातभर अंतरावर आला, तेव्हा आनंदाने त्याने क्लच पूर्ण सोडला. दोघं पडली, गाडी त्यांच्या शेजारी पडली, आणि पुढचं चाक शेवटच्या रेषेपलीकडे गेलं.

आठ जोड्यांत त्यांचा नंबर सातवा आला. आठवी जोडी आलीच नव्हती.

बायको एका धोंड्यावर बसून बुटांतला चिखल काढत होती. डोळे बहुतेक कोरडे होते. तिच्या शेजारी बसत तो म्हणाला, "माझ्यामुळे गेलं गं."

"राहू दे. उगाच उठवलं तुम्हाला."

तेवढ्यात मालक आले. "काय हो, तुम्हाला गाडी येते?"

"नाही."

"मग चिखलातून काढलीत कशी?"

"ही सांगत होती तसं केलं."

मालक थबकले. "एकदाही उलटून बोलला नाहीत?"

"त्राणच नव्हतं हो अंगात."

मालकांनी बाईंकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे बघितलं. "उद्यापासून मोटारसायकलचा वर्ग तुम्ही घ्या," ते शेवटी म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि घाईघाईने दुसऱ्या बुटातला चिखल काढायला घेतला.

प्रेक्षकांतली एक महिला हे सगळं ऐकत उभी होती. तिने आपल्या नवऱ्याला दंडाला धरून पुढे आणलं.

"यांचं नाव लिहून घ्या," ती म्हणाली. "फक्त एक सांगा, वर्गाला पाठवायच्या आधी यांना दमवायचं किती?"

"वेगळं काही करू नका," बाई म्हणाल्या. "रोजचं आहे तेवढं पुरे."